नकोकाकांनी दिलेल्या खिडक्या

समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ते "नको" म्हणत. सोसायटीत सगळे त्यांना नकोकाकाच म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं. "बरं आहे," ते म्हणायचे, "फालतू माणसं विचारायलाच येत नाहीत."

एरंडवण्यातले आमचे बैठे बंगले पन्नासच्या दशकात एकाच नकाशावरून बांधलेले. काळ्या दगडाचं जोतं, अर्धगोल व्हरांडा, उंच सागवानी खिडक्या. पुण्यात आयटीचा पैसा आला तसे एकेक पडू लागले. आमचं छत गळायला लागलं तेव्हा सोबत सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्याही बसवाव्यात, असं माझ्या मनात होतं. शेजारचे नकोकाका फाटकातच आडवे आले. "नको. गळतंय छत, खिडक्यांनी तुझं काय घोडं मारलंय?"

मग दुरुस्ती त्यांच्याच देखरेखीखाली झाली. वायरिंग नवं, नळ नवे, पण भिंत एकही हलली नाही. व्हरांड्यातली मोझाइकची फरशी झिजली होती, गवंडी ती उखडा म्हणाला. "नको. झिजले म्हणून आपण आपले गुडघे उखडतो का?"

माझ्या धाकट्या भावाला घर बिल्डरला द्यायचं होतं. मी डगमगले तेव्हा काका म्हणाले, "मी हलत नाही. तू हलू नकोस, नीला." त्या शब्दावर मी भावाला नकार दिला. त्या वर्षी आमची भाऊबीज झाली नाही. पुढेही नाही.

पुढच्या खोलीच्या दोन खिडक्या तेवढ्या वाळवीने खाल्ल्या होत्या. एका सकाळी काका हातगाडीवर दोन खिडक्या घेऊन आले, पितळी खिट्ट्यांसकट.

"कुठून मिळवल्या?"

"पडलेल्या घरातल्या. बसवून घे."

रंधा न मारता त्या चौकटीत बसल्या. काकांनी स्वतः उघडझाप करून पाहिली, चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे खोबऱ्याच्या वड्या घेऊन गेले. त्यांच्या पुढच्या भिंतीत दोन चौकोनी भोकं होती. आत सामान बांधलेलं.

"मुलाने फार लावून धरलं," ते खाली बघत म्हणाले. "सही केली मागच्या महिन्यात. तुला सांगणार होतो."

"कधी?"

"खिडक्या बसल्यावर."

घर त्यांचं होतं, ते पाडायला माझी परवानगी नको होती. पण माझ्या घरातला चहा पिताना त्यांची सही झालेली होती, हे मला गिळता आलं नाही. वड्यांचा डबा पायरीवर ठेवून मी परत आले. पुढे ते तिथल्याच नव्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर राहिले. रस्त्यात दिसले की मी न थांबता लायब्ररीच्या पुस्तकांची पिशवी या हातातून त्या हातात घेई. त्यांनीही कधी थांबवलं नाही.

गेल्या महिन्यात ते गेले. तेराव्याचं सांगायला त्यांचा मुलगा आला, पुढच्या खोलीत बसला. बोलता बोलता उठून त्याने खिडकीची खिट्टी वर-खाली केली.

"ताई, काय सुंदर आहेत हो या! हल्ली अशा मिळत नाहीत. कुठून आणल्या?"

"पडलेल्या घरातल्या," मी म्हणाले.