पुसलेली तिथी

"आरसा थोडा तिरपा धरा, भिया. ऊन दगडाच्या तोंडावर नका मारू, बाजूने जाऊ द्या."

दाढीचा छोटा आरसा माझ्या हातात देऊन ते थडग्यासमोर उकिडवे बसायचे. बाजूने ऊन पडलं की झिजलेल्या अक्षरांत सावली भरायची आणि मघाशी कोरा वाटलेला दगड वाचता यायचा. वरची हिब्रू ओळ ते बोटाने उजवीकडून डावीकडे वाचत, खालची मराठी डावीकडून उजवीकडे, आणि दोन्ही वहीत उतरवत. कोरणाऱ्याने एखादी वेलांटी चुकवली असली तरी तीही तशीच. मी सुधारायला गेलो की म्हणत, "तुमच्या घरचा दगड आहे का? मग राहू द्या ना."

इंदूरच्या पोलोग्राउंड भागात एका कारखान्यात ते फिटर होते आणि मी स्टोअरमध्ये. ते बेने इस्रायली, म्हणजे मूळचे कोकणातले मराठी ज्यू. शनिवारी, त्यांच्या धर्मातल्या विश्रांतीच्या दिवशी, ते कुठल्याच कामाला हात लावत नसत, म्हणून रिटायर झाल्यावर आमचा कब्रस्तानाचा वार रविवार ठरला. येताना पोहे-जिलेबी ठरलेली. पोह्यांवर शेव मागून मागून घ्यायची आणि तिखट लागली की मलाच रागवायचं, अशी त्यांची रीत होती. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याचं रागावणं आपण हौसेने ऐकतो.

त्यांच्या समाजातली बहुतेक माणसं कधीच इस्रायलला गेली. आता त्यांची नातवंडं, पतवंडं तिकडून विचारतात, आमचा माणूस इंदूरला कुठे पुरलाय? आमचे हे दोस्त थडगं शोधून कळवत.

"फोटो काय, कोणी पण काढेल," ते म्हणत. "असली चीज तिथी, माणूस गेल्याची. आमच्या पंचांगाची. त्या दिवशी घरी दिवा लावतात. तिथीच माहीत नाही तर दिवा कधी लावणार, बताओ?"

उन्हाळ्याच्या सुरुवातीला अशाच एका बाईंचा निरोप आला. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली होती, आणि आपल्या आजीच्या नावाने एकदा तरी बरोबर दिवशी दिवा लावावा, एवढीच तिची इच्छा होती. आजीचा दगड आम्हाला कोपऱ्यात सापडला. पातळसा संगमरवर, शेवाळाने काळा पडलेला. नाव कसंबसं लागलं, तिथीची ओळ लागेना. श्रावण होता, आठवडाभर सूर्य दिसला नव्हता.

"ऊन येऊ द्या," ते म्हणाले. "दगड कुठे पळून नाही जात." आणि ते आठ दिवस मुलीकडे उज्जैनला गेले.

मला दम निघेना. आम्ही इंदूरचे लोक, स्वच्छतेत देशात पहिले; काळा डाग दिसला की आमचे हात शिवशिवतात. ते परत येण्याआधी दगड चकाचक करून ठेवावा, त्यांनी शाबासकी द्यावी, असं माझ्या मनात आलं. नुसतं पाणी आणि नरम ब्रश, याशिवाय दगडाला काही लावायचं नाही, हे त्यांनी मला शंभरदा सांगितलं होतं. तरी मी बाथरूम धुवायची तेजाबाची, म्हणजे ॲसिडची, बाटली घेऊन गेलो. ओतल्याबरोबर फेस आला. तो फेस बघून मी खूश झालो होतो, हे आज लिहितानाही लाज वाटते. पाणी मारलं तेव्हा दगड पांढराशुभ्र निघाला. तिथीची ओळ त्याच्यावर नव्हती. नावाची दोन अक्षरं उरली होती.

रविवारी त्यांनी दगडावरून हळूहळू हात फिरवला, मग पुन्हा फिरवला. मी म्हणालो, "पावसानं गेलं वाटतं." दगड एवढा पांढरा कसा, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, अशी समजूत मी बरेच दिवस घालून घेतली.

"उशीर मी केला, भिया," ते म्हणाले. "मे महिन्यात काय कडक ऊन होतं. गुडघ्याचं निमित्त करून मी घरी बसून राहिलो."

त्याच संध्याकाळी त्यांनी माझ्यासमोर त्या बाईंना फोन लावला. "माफ करा, माझी गलती आहे," असं ते दोनदा म्हणाले. मी शेजारी बसून चहा पीत होतो.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. त्यांच्या मुलीने वही माझ्याकडे टाइप करायला दिली. त्या दगडापुढे शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, "तिथी माझ्या दिरंगाईने गेली." तीन दिवस मी त्या ओळीच्या पुढे गेलो नाही. शेवटी ती जशीच्या तशी टाइप केली आणि खाली लिहिलं, "हे खरं नाही. दगड मी तेजाबाने धुतला." त्याखाली माझं पूर्ण नाव घातलं.

मुलगी कागद न्यायला आली तेव्हा ते पान मी स्वतःच काढून तिच्यासमोर धरलं. तिने उभ्यानेच वाचलं.

"बाबांना सांगितलं होतं, काका?"

"नाही."

"शेवटी हॉस्पिटलमध्ये त्यांना काही समजत नव्हतं," ती म्हणाली. "पण रोज सकाळी खिडकीकडे बघून विचारायचे, ऊन पडलं का? चल लवकर, माझ्यामुळे एका बाईची तिथी राहिलीये."

तिने कागद आणि वही पिशवीत घातली. चहा घेऊन जा, असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही.