आठ नंबरचा चार्ज

झोपेशी इतकं उघड वैर धरलेला दुसरा माणूस अख्ख्या कोल्हापुरात सापडायचा नाही, हे मी आमच्या समोरच्या सिस्टरबद्दल छातीठोकपणे सांगतो. उभं आयुष्य एका इस्पितळात काढून त्या हेड सिस्टर म्हणून रिटायर झाल्या आणि कसबा बावड्यात, साखर कारखान्याचा भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर, आमच्या गल्लीच्या टोकाला घर बांधून राहिल्या. घराला नाव दिलं 'विसावा'. दारातून आत गेलं की समोरच फ्रेम. प्रभू येशू थकल्याभागल्यांना विश्रांतीला बोलावतो, अशा अर्थाचं वचन तिच्यात. आणि त्याच फ्रेमखालून सिस्टर पदर खोचून दिवसभर पळत असायच्या. बसल्याच तर खुर्चीच्या काठावर, तेही कुठं घंटा वाजली तर उठायला बरं पडावं म्हणून.

त्या कुणाला नमस्कार करत नसत, सरळ मनगट धरत. गल्लीतल्या एका लग्नात आहेर द्यायला स्टेजवर चढल्या आणि नवरदेवाचं मनगट धरून उभ्याच राहिल्या. मागं रांग खोळंबली, फोटोवाला 'मावशी, हिकडं बघा की!' म्हणून ओरडतोय, आणि यांचा डोळा छातीला उलटं टाचलेल्या घड्याळावर. 'शंभराच्या वर हाय,' त्यांनी नवरीला सांगून टाकलं. 'घाबरलाय. पाणी पाजा आधी, फोटो मग.' एकदा मी तापानं पडलो होतो, तर विचारपूस करायला आल्या आणि मी गादीवर असतानाच खालची चादर बदलून गेल्या. कोपरे असे करकचून खोचले होते की पांघरुणातून बाहेर यायला मला बायकोला हाक मारावी लागली.

पण खरी गंमत संध्याकाळी सातची. इस्पितळात पाळी संपली की जाणारी सिस्टर येणारीला चार्ज देते. एकेका खाटेपाशी उभं राहून कोण कसा आहे, काय दिलं, काय बघायचं, ते सगळं सांगायचं. आमच्या सिस्टरची प्रार्थना म्हणजे अस्साच चार्ज! आपल्या पायरीवर उभ्या राहायच्या, डोळे मिटायच्या आणि गल्लीतली घरं खाटांसारखी एकेक करून देवाच्या ताब्यात द्यायच्या. आवाज वॉर्डातला, त्यामुळं देवाबरोबर सगळ्या गल्लीला ऐकू जाई.

'प्रभू, एक नंबर, आजी. गुडघा सुजलाय, पण ऐकत न्हाईत, देवळात चालतच जात्यात. दोन नंबर, पोरीचा पेपर हाय, जेवली न्हाई. तीन नंबर ठीक. चार नंबर...'

चार नंबर म्हणजे मी. सकाळीच माझं मनगट धरून त्यांनी माझ्याकडून कबुली काढून घेतली होती.

'शुगर वाढलीया. शिवाजी पेठेत मिसळ खाल्ली, वर जिलबी. बायकोला सांगितलं, बँकेत गेलतो. प्रभू, तूच बघ आता.'

देवानं बघितलं की नाही ठाऊक नाही. बायकोनं चांगलंच बघितलं.

आमेन म्हटलं की माणसानं घरात जावं. सिस्टर चपला पायात सरकवायच्या आणि एक ते सात सगळी घरं पुन्हा स्वतः तपासून यायच्या. वास्तविक त्यांचाच नियम होता. इस्पितळात हाताखालच्या पोरींना त्या दरडावून सांगत, 'चार्ज दिला की वॉर्ड सोडायचा. घोटाळलं की पुढच्या बाईचा अपमान!' मी एकदा चेष्टेनं म्हटलं, 'सिस्टर, मग तुम्ही रोज देवाचा अपमान करताय की.' दोन दिवस त्यांनी माझं मनगट धरलं नाही. त्या दोन दिवसांत मला उगीचच आजारी असल्यासारखं वाटत राहिलं.

त्यांचे मिस्टर आमच्याकडं सर म्हणून ओळखले जात. शाळेत पी.टी. शिकवायचे. मूळचे पेठेतले, त्यामुळं फुटबॉल म्हटलं की जेवण विसरणारे. स्वभाव मात्र गरीब. बायकोला तेही 'सिस्टर'च म्हणत. सिस्टरच्या झोपेशी असलेल्या वैराचं कारण त्यांनीच मला सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी दुपारच्या ड्युटीला सिस्टरचा खुर्चीत पाच मिनिटं डोळा लागला आणि तेवढ्यात शाहूवाडीकडची एक म्हातारी गेली. डॉक्टर म्हणाले, तू जागी असतीस तरी ती जाणारच होती. सिस्टरला काही ते पटलं नाही. 'तवापासून ही पाठ टेकून झोपलेली मी बघितली न्हाई,' सर म्हणाले.

गेल्या वर्षी सरांनाच अर्धांगवायू झाला. डावी बाजू गेली, बोलणं अडखळू लागलं. सिस्टरनी भिंतीवर तक्ता लावला आणि दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायला सुरुवात केली. मी म्हटलं मी बसतो, बायको म्हणाली मी येते. छे, कुणाला हात लावू दिला नाही. महिन्यांमागून महिने गेले. सिस्टर वाळून काटकी झाल्या, तरी सातला पायरीवर हजर. आणि तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. चार्ज सात नंबरला संपायचा. आठ नंबर त्यांचं स्वतःचं घर. सगळी गल्ली त्यांनी देवाच्या हवाली केली होती, ती एक खाट सोडून.

मग एके सकाळी, सगळ्या गावाच्या चुका धरणाऱ्या सिस्टरच्या हातून चूक झाली. सरांना रक्तदाबाची गोळी दोनदा दिली गेली. सरांना ग्लानी आली, डॉक्टर धावत आले, दुपारपर्यंत सर ताळ्यावर आले. पण सिस्टर पायरीवर बसल्या त्या उठेनात. चांगल्या ऐसपैस बसलेल्या मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं आणि सांगतो, मला भीती वाटली.

'दिली का न्हाई तेच आठवंना ओ, भाऊ,' त्या म्हणाल्या. 'मी झोपले तर हे जातील, असं वाटत हुतं. जागी ऱ्हाऊन मीच घालवत हुते.'

सात वाजले. त्यांनी चार्ज दिला. एक, दोन, असं करत सात नंबरपाशी थांबल्या. तेवढ्यात आतून सरांचा अडखळता आवाज आला.

'सिस्टर... आठ नंबर... ऱ्हायला की.'

सिस्टरचा वॉर्डातला आवाज गेला आणि लहान पोरीसारखा आवाज निघाला. 'प्रभू, आठ नंबर. दर दोन तासाला कूस बदलायची. पाणी चमच्यानं. उजव्या हाताला धरलं की बरं वाटतं त्यास्नी. एवढंच हाय. लई दिवस चार्ज दिला न्हाई, चुकलं माझं. आता तू घे. मी दमले.' त्यांनी छातीवरचं घड्याळ काढलं, माझ्या बायकोच्या हातात ठेवलं आणि आत जाऊन पाठ टेकली. दुसऱ्या दिवशी चांगलं उजाडेपर्यंत उठल्या नाहीत. तक्ता आम्ही नवरा-बायकोनं सांभाळला.

पुढं गल्लीनं पाळ्याच लावून घेतल्या. सिस्टर रोज दुपारी झोपू लागल्या. आणि घोरायच्या काय म्हणता! भाजीवाला त्यांच्या दारावरून ओरडत निघाला तर एक नंबरच्या आजी काठी दाखवायच्या.

एका रविवारी त्या चर्चहून आल्या, जेवल्या आणि झोपल्या. पाळी माझी होती. सरांचा उजवा हात हातात धरून मी त्यांना मोबाइलवर मॅच दाखवत होतो. पेठेच्या संघानं गोल मारला. 'सर!' म्हणून मी आनंदानं वळलो, तर सर गेले होते. कधी, ते मला शेजारी बसूनही कळलं नव्हतं.

ज्या एका गोष्टीच्या धसक्यानं ही बाई जन्मभर झोपली नाही, नेमकी तीच घडली होती, आणि ती सांगायची कुणी, तर मी! त्यांच्या खोलीच्या दारात जाऊन हाक मारली. त्यांनी माझं तोंड बघितलं आणि ओळखलं. येऊन सरांचं मनगट धरलं. मिनिट संपलं तरी सोडलं नाही.

'सिस्टर, मी जागाच होतो ओ,' मी म्हटलं. मला रडू आवरेना.

'ठावं हाय,' त्या म्हणाल्या. 'ज्याच्याकडं चार्ज हुता, त्यो बी जागाच हुता. मी निजले हुते ते बरं झालं, भाऊ. जागी असते तर हात सोडला नसता त्यांचा.'

आता सातला त्या पायरीवर येतात, एक ते सात नंबर देतात, आणि शेवटी म्हणतात, 'आठ नंबर. एकटी हाय. दुपारी रडली. आता झोपती.' आमेन म्हणतात आणि खरोखरच घरात जाऊन दिवा मालवतात. मी काही देवाधर्मातला माणूस नाही. आमच्याच देव्हाऱ्यापुढं मी कधी धड दोन मिनिटं बसलेलो नाही. पण समोरून चार नंबर पुकारला जाईपर्यंत माझ्याच्यानं जेवायला बसवत नाही. परवा सिस्टरचा घसा बसला होता. ओठ हलताना दिसले, ऐकू काहीच आलं नाही. बायकोनं ताट वाढलं. शेवटी ते तसंच झाकून ठेवलं आणि समोर जाऊन दार वाजवलं.

'सिस्टर, चार नंबर दिला का?'

'दिला की ओ,' आतून बसक्या आवाजात उत्तर आलं. 'जावा आता. झोपा निवांत.'