नाल्याचे वकील

आमच्या दहिसरच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक वकील राहतात. पर्यावरणाच्या केसेस घेतात आणि बिल्डरांच्याही, त्यामुळे त्यांना कुणाबद्दलच वाईट वाटत नाही. लिफ्ट चालू आहे का असं विचारलं, तरी "माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे, हो," असं उत्तर येतं.

मागच्या साली त्यांनी पुलापलीकडच्या रहिवाशांतर्फे आमच्या मागची नदी ही नदीच आहे, हे कोर्टाला पटवलं. आम्हीसुद्धा पेढे खाल्ले. यंदा पुलाअलीकडे ते बिल्डरतर्फे उभे आहेत, आणि इथे तो नाला आहे. नाला ठरला की काठापासून जागा कमी सोडावी लागते, टॉवर मोठा होतो.

परवा सकाळी ते पुलाअलीकडेच, निर्माल्याची पिशवी घेऊन काठावर दिसले. चपला काढल्या, हात जोडले, फुलं पाण्यात सोडली. प्लास्टिकची पिशवी मात्र नीट घडी घालून खिशात ठेवली. पर्यावरणाचे वकील ना.

मी विचारलं, "काय साहेब, नाल्यात निर्माल्य?"

त्यांनी शांतपणे चपला घातल्या.

"तारीख सोमवारी आहे रे," ते म्हणाले. "तोवर नदीच आहे."