ज्यांच्या जीपखाली आप्पांचा पाय गेला, त्यांच्यासोबत सातारा ते पलूस

आप्पांचा फोन आला तेव्हा मी कोकणात जायची बॅग भरत होते. "रविवारी आपल्या चर्चच्या मंडळीत दत्तूअण्णांना प्रचारक म्हणून नेमतायत," ते म्हणाले. "तू गाडी घेऊन ये आणि साताऱ्याहून त्यांना बरोबर आण. वाटेत औंध बघ, वडूजला त्यांच्या मुलीकडं जेवा. तुझ्या ब्लॉगलाही काहीतरी मिळेल."

मी हो म्हटलं आणि बॅग तशीच उघडी टाकून बसून राहिले.

दत्तूअण्णा कोण, ते आधी सांगायला हवं. लष्करातून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेल्या या माणसानं अकरा वर्षांपूर्वी भर दुपारी दारू पिऊन जीप चालवली आणि शाळेतून सायकलवर घरी निघालेल्या माझ्या वडलांना उडवलं. आप्पांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. अण्णांना शिक्षा झाली, ती त्यांनी भोगली. सुटले त्या दिवशी तुरुंगाच्या दारात आप्पा कुबड्या घेऊन उभे होते. "चला, चहा घेऊ," एवढंच म्हणाले. त्यानंतर अण्णा दारूला शिवले नाहीत. वर्षभरानं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आमच्या घरी त्यांचं येणंजाणं सुरू झालं आणि मी, ते येणार असले की, पुण्यातच थांबू लागले. घरच्यांना वाटायचं, हिचा राग गेलेला नाही. खरं कारण मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

शनिवारी सहाला पुणं सोडलं. खंबाटकी ओलांडून नऊच्या आत सातारा स्टँडवर पोचले. पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, अण्णा वाटच बघत होते.

"आवं ताई, लय लवकर आलासा!"

रहिमतपूरपर्यंत रस्ता चांगला आहे, पुढे मधूनमधून खड्डे. थंडीत जाणार असाल तर दोन्ही बाजूंना शाळूची कणसं आणि हरभरा बघत हळूच जा. अण्णा शेजारी बसले होते. वळण आलं की त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबल्यासारखा हलायचा. अपघातापासून त्यांनी स्टीअरिंगला हात लावलेला नाही. सुवार्ता सांगायला गावोगाव जातात ते एसटीनं, नाहीतर चालत.

औंधला यमाईचा डोंगर चढायचाच, असं मी ठरवलं होतं. वरपर्यंत गाडी जाते, पण पायऱ्यांनी गेलात तर खालचं गाव हळूहळू उलगडत जातं. अण्णा माझ्यासोबत चढले, माझी पाण्याची बाटली त्यांनीच धरली. "आईच्या कडेवर बसून आलोय हितं," ते म्हणाले. "पोरगी अजून येती. तिची देवी हाय, ती तिला." मी देवळात जाऊन येईपर्यंत ते बाहेर कट्ट्यावर बसून राहिले. औंधचं संग्रहालय उघडं आहे का ते मात्र आधी विचारून घ्या. तिथली चित्रं घाईनं बघण्यासारखी नाहीत.

खाली चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्या बाबांनी अण्णांना ओळखलं. "काय दत्ता, आमाला बी बाटवाय आलास व्हय?"

"न्हाई रं गड्या. मी काय केलं आन मला कुणी सोडलं, एवढंच सांगत फिरतो. ऐकायचं तर बस, न्हाईतर चहा पी."

"बसतो की. सांग."

अण्णांनी सांगितलं. नशीब, रस्ता, ऊन, कशावरही काही ढकललं नाही. "दारू पिऊन एका मास्तराच्या अंगावर जीप घातली. पाय गेला त्यांचा. आन त्याच माणसानं मला चहा पाजला. माणूस एवढं सोडू शकतो, तर देव किती सोडत आसल? त्या दिशी पयल्यांदा प्रभूफुडं रडलो." मग माझ्याकडं बोट केलं. "ही त्याच गुरुजींची लेक."

बाबांनी मला निरखलं. "पोरी, तू बी सोडलंस व्हय ह्याला?"

चहाचे पैसे देऊन मी गाडीत जाऊन बसले.

आता ते खरं कारण. अपघातानंतर दोन महिन्यांनी अण्णांच्या मुलीचं, संगीताचं, लग्न ठरल्याचं कानावर आलं. मी बावीस वर्षांची होते. घरात आप्पा वेदनेनं कण्हत होते. मी मुलाकडच्यांचा नंबर मिळवला आणि माझी ओळख देऊन तिच्या बापाचे उद्योग सांगितले. तिथंच थांबले असते तर ते निदान खरं तरी होतं. मी पुढं संगीताच्या चालचलणुकीबद्दल धडधडीत खोटं बोलले. तिला मी कधी पाहिलंही नव्हतं. लग्न मोडलं.

वडूज औंधपासून अर्ध्या तासावर. तिथं संगीताचं शिलाईचं दुकान आहे, मागं घर. पुढं तिचं लग्न झालं, पण पाच वर्षांनी. तिनं ताट वाढलं: ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं, खर्डा, वर दही. वडूजच्या बाजूला गेलात तर कुणाच्या तरी घरी हे कुळथाचं पातळ माडगं मागून प्या. मला मात्र घास उतरत नव्हता. अण्णा हात धुवायला बाहेर गेले.

"ताई, जेवत न्हाईसा," संगीता म्हणाली. मग तव्यावरची भाकरी उलटत, अगदी साध्या आवाजात, "त्यो फोन तुमी केल्ता. ठाव हाय मला."

"कधीपासून?"

"लगीन मोडलं तवाच. पलूसच्या मास्तराच्या पोरीनं सांगितलं, म्हणाली ती माणसं."

"अण्णांना?"

"त्यास्नी बी. म्हणाले, तिच्या बापाचा पाय गेलाय माझ्यापायी, कुणाला काय बोलायचं न्हाई. मी लय रडले. तुमास्नी शिव्या बी घातल्या. मग तुमच्या आप्पांनी माझ्या बापाला सोडलं. म्हटलं, मी हिला किती दिस धरून ठिवू? सोडून दिलं." तिनं भाकरी माझ्या ताटात टाकली. "खावा, गार व्हतीया."

मी खाल्ली.

पुसेसावळी, कडेगाव करत पलूसला उतरलं की कोरडं माळरान संपतं आणि ऊस, द्राक्षबागा सुरू होतात. या दिवसांत उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकायची तयारी ठेवा. त्या रस्त्यावर मी अण्णांना विचारलं, "इतकी वर्षं आमच्या घरी येत होतात. एकदाही बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? मला सगळंच सोडलं देवानं. मी तुमचं एक धरून बसलो, तर लोकांफुडं कुठल्या तोंडानं उभा राहू?"

घरी पोचल्यावर, दिवेलागणीआधीच, मी आप्पांना सगळं सांगितलं. ते आपल्या कृत्रिम पायाचा पट्टा चाचपत राहिले.

"संगीताची माफी मागितलीस?"

"तिनं आधीच मला..."

"मागितलीस का, ते विचारतोय."

रविवारी उपासनेला संगीता वडूजहून एसटीनं आली. बापाची नेमणूक बघायला, नवी साडी नेसून. पाळकांनी अण्णांच्या डोक्यावर एक हात ठेवला. दुसरा हात आप्पांचा होता. ते आधाराशिवाय उभे राहिले होते. अण्णांची मान खाली, खांदे हलत होते. इतका मोठा, राकट माणूस इतका हलका झालेला मी कधी पाहिला नाही.

उपासना संपल्यावर आवारातल्या कडुलिंबाखाली मी संगीताला गाठलं. "मी खोटं बोलले होते तुझ्याबद्दल. मला माफ कर." मधे कुठलीही सबब घालायची नाही, हे टपरीवर अण्णांकडून शिकले होते.

तिनं माझा हात धरला. तिचे डोळे भरले होते. "एवढंच ऐकायचं हुतं," ती म्हणाली.

पुण्यात परतून आठवडा झाला. मंडळीत वाढलेली मुलगी मी; क्षमेची वचनं तोंडपाठ होती. पण प्रभूची क्षमा कशी असते, ते मला गरम भाकरीसोबत कळलं, आणि त्या तव्यापुढची बाई आमच्या मंडळीतली नव्हती. कोकण राहून गेलं, त्याचं वाईट वाटत नाही.

हे लिहायच्या आधी मी अण्णांना फोन केला. तुमची साक्ष ब्लॉगवर लिहू का, विचारलं.

"लिवा की," ते म्हणाले. "पर ताई, माझं मी सांगतोच हाय. तुमचं कोण सांगणार?"

संगीताला विचारलं, तीही हो म्हणाली. म्हणून या वेळी जागांपेक्षा माझंच जास्त लिहिलंय.