बटणबाई आणि खांद्यावरचा आवाज

डेपोतले ड्रायव्हर तिला बटणबाई म्हणायचे आणि तिला ते नाव मनापासून आवडायचं. ओळखपत्रावर तिचा हुद्दा चांगला दोन ओळींचा होता, पण काम एकच. घरोघरी माल पोचवणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरांसाठी अंगावर घालता येईल असं, पत्ते सांगणारं बोलकं यंत्र बनवायचं, म्हणजे चालत्या गाडीत फोन हातात घ्यायची वेळच येऊ नये.

स्वतःच्या कामाबद्दल शंका हा प्रकार बाईंना ठाऊक नव्हता. यंत्र आधी मनगटावर बांधून झालं, पण वळण घेताना मनगटच फिरतं, मग बटण शोधायचं कुठे? कानात घातलं तर मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येईना. गळ्यात अडकवलं तर ते सीटबेल्टशी भांडायला लागलं. शेवटी खांदा पक्का झाला. मग जाड हातमोजे घालून ती घरभर वावरायला लागली. न बघता अंगठ्याला सापडेल असं बटण जमेपर्यंत तिने घरात कुणाला सुखाने बसू दिलं नाही. "जगातल्या सगळ्या बटणांची काळजी आहे हिला, फक्त माझ्या शर्टाचं सोडून," असं नवरा म्हणायचा आणि सुई-दोरा शोधायला जायचा. यंत्रातला आवाजही तिचाच होता. कपड्यांच्या कपाटात तोंड घालून, डोक्यावर रजई ओढून तिने एकेक वाक्य रेकॉर्ड केलं होतं.

यंत्र पहिल्यांदा खांद्यावर चढवलं ते तिच्या नणंदेने. ती त्यांच्याच घरात राहायची आणि त्या डेपोत ट्रक चालवणारी एकटी बाई होती. चिंचोळ्या गल्लीत गाडी उलटी घालावी तर तिनेच. बाकीचे ड्रायव्हर नुसते आरशात बघत घाम पुसायचे. ही गोष्ट डेपोत सगळ्यांना माहीत होती, पण मोठ्याने कुणी बोलत नसे.

आणि एका सकाळी याच नणंदेने चढावर, भर रस्त्यात करकचून ब्रेक मारला. समोर माणूस नाही, मांजर नाही, काही नाही. आतल्या काचसामानाचा चुरा झाला आणि मागून येणारी गाडी वीतभर अंतर ठेवून कशीबशी थांबली.

"यंत्रानेच थांबायला सांगितलं, साहेब," नणंद मॅनेजरना म्हणाली.

साहेबांनी बटणबाईला बोलावून घेतलं. "काय हो, तुमचं यंत्र गाडी थांबवायला सांगतं का?"

"छे! असा हुकूम मी त्यात घातलेलाच नाही," ती ताठ मानेने म्हणाली. यंत्राची बाजू घ्यायची म्हटलं की तिला नेहमीच चेव यायचा. बोलून झाल्यावर तिचं लक्ष नणंदेच्या चेहऱ्याकडे गेलं.

"घाबरली असशील," साहेब नणंदेला म्हणाले. त्यांनी हे अगदी मायेने म्हटलं, त्यामुळे ते जास्तच लागलं. मागून कुणीतरी पुटपुटलं, "बाईमाणूस, दुसरं काय." साहेबांनी ट्रकची चावी ड्रॉवरमध्ये टाकली. सोमवारपासून तिने गोदामात खोक्यांवर लेबलं चिकटवायची, असं ठरलं.

घरी नणंद बराच वेळ गणवेशाची घडी घालत बसली.

"तू सगळ्यांदेखत मला खोटं पाडलंस, वहिनी."

"अगं, पण यंत्रात तसं नाहीच आहे, तर मी काय सांगू?"

"मला गाडी चालवायला आवडतं गं. दुसरं काही तेवढं आवडतच नाही. ते गेलं तर मी करू काय?"

बटणबाईने यंत्र हातात घेतलं आणि ती ते उलटसुलट करून पाहायला लागली.

दुसऱ्या दिवशी यंत्र स्वतःच्या खांद्यावर लावून ती एका जुन्या ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. त्यांना सगळे मामा म्हणत. गाडी मालाने गच्च भरलेली, खिडक्या उघड्या. त्याच चढाला लागल्यावर इंजिन असं काही गरजायला लागलं की मामांचं बोलणंही ऐकू येईना. तेवढ्यात खांद्यावरून तिचाच आवाज आला, "थांबा!" आणि बाईंचा पाय खाडकन खालच्या पत्र्यावर आपटला.

"बाई, ब्रेक माझ्याकडे आहे," मामा म्हणाले.

तिने कपाळावर हात मारला. यंत्र म्हणत होतं, 'पुढचा थांबा, पिवळी इमारत.' शांत खोलीत अगदी निरुपद्रवी वाक्य. पण इंजिनाने 'पुढचा' आणि 'पिवळी इमारत' गिळली की उरतो तो सरळसरळ हुकूम, तोही अहो-जाहो करून दिलेला! वर्षभर तो शब्द लिहिला, बोलला, शंभरदा ऐकला, पण तिच्या डोक्यात थांबा म्हणजे ठिकाण, एवढंच पक्कं बसलेलं.

साहेबांना समजावून सांगण्याच्या भानगडीत ती पडली नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि चावी ड्रॉवरमध्येच राहिली असती. तिने यंत्रावर तेच वाक्य लावून ते त्यांच्या खांद्यावर चढवलं आणि इंजिनं चालू असलेल्या दोन ट्रकांच्या मधून त्यांना चालत जायला सांगितलं. सगळे ड्रायव्हर जमले होते. साहेब ऐटीत निघाले आणि मध्येच, एक पाय हवेत, जागच्या जागी उभे राहिले.

"का थांबलात, साहेब?" ती ओरडली.

"तुम्हीच म्हणालात ना, थांबा म्हणून!"

"मी पुढचं ठिकाण सांगत होते. घाबरलात का?"

डेपोभर हशा पिकला. साहेब मनाने चांगले. आधी लाल झाले, मग स्वतःही हसले, आणि सगळ्यांसमोर त्यांनी चावी नणंदेच्या हातात दिली. "चूक माझी झाली," असंही म्हणाले. बटणबाईने त्याच संध्याकाळी पुन्हा कपाटात तोंड घातलं आणि 'पुढचा थांबा'ची हकालपट्टी करून 'आता पुढे' असं रेकॉर्ड केलं.

सोमवारी ती नणंदेशेजारी बसली. नवीन शब्द कसा ऐकू येतो ते पाहायचं होतं. नणंदेने आरसा सारखा केला, गाडी फाटकाबाहेर काढली आणि रस्त्यावरची नजर न हलवता विचारलं, "वहिनी, खरं सांग. त्या दिवशी तुला काय वाटलं होतं?"

खोटं बोलणं सोपं होतं. बटणबाईच्या ते ओठावर आलंही होतं.

"वाटलं होतं, तू घाबरलीस."

नणंदेने पुढच्या सायकलवाल्याला वाट दिली.

"मलाही तसंच वाटायला लागलं होतं," ती मग म्हणाली. "तुझा आवाज मी स्वतःच्या कानांनी ऐकला होता. पण तूच नाही म्हणालीस, तेव्हा म्हटलं, मीच घाबरले असेन."

चढ आला. नणंदेने गिअर बदलला, इंजिन गरजायला लागलं. शेजारी बटणबाई रडत होती आणि ते लपवायचा तिने मुळीच प्रयत्न केला नाही.