मामांच्या पायाशी लाल बाटली

टाळ्यांची मला पहिल्यापासून हाव. कॉलनीच्या गणपतीत नाटक बसलं की मी त्यात असतेच, आणि भूमिका दासीची मिळाली तरी वावरते राणीच्या तोऱ्यात. अशा बाईला एके दिवशी शाळेच्या मैदानावर आग विझवायला मिळाली, तेव्हा पुढचं सगळं होणारच होतं.

मी ज्या शाळेत शिकवते तिथे आगीपासून बचावाचं प्रशिक्षण होतं. प्रशिक्षकांनी अर्ध्या कापलेल्या पिपात डिझेल ओतून काडी लावली आणि विचारलं, कोण येतंय पुढे? सगळा शिक्षकवर्ग पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. मी पदर खोचला आणि गेले. पिन ओढली, नळीचं तोंड जाळाच्या बुडाकडे धरलं, दांडी दाबली आणि अंगण झाडावं तसा हात फिरवला. फुस्स करून पांढरा लोट उठला आणि आग गेली. सातवीच्या मुलांनी असा काही गजर केला की, आपण इतकी वर्षं व्याकरण शिकवण्यात उगाच घालवली असं मला वाटून गेलं.

त्या टाळ्यांच्या नशेत मी गाडीत ठेवायला एक छोटं लाल अग्निशामक विकत आणलं. घरात त्याला कुणीच अग्निशामक म्हटलं नाही. ती झाली बाटली.

आता आमच्या गाडीची व्यवस्था सांगते. गाडी मी चालवते. माझे पती वाळूजच्या कंपनीत कामाला आहेत, रोज कंपनीच्या बसने जातात आणि सुट्टीच्या दिवशी मागच्या सीटवर झोपतात. घरातल्या वादात "दोघांचंही बरोबर आहे" याच्यापुढे ते कधी गेलेले नाहीत. पुढची डावी सीट माझ्या सासऱ्यांची. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. मामांनी जन्मभर शेती केली, आता आमच्याजवळ शहरात राहतात, पण आठवड्यातून एकदा शेतावर गेल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. गाव वेरूळच्या पलीकडे. मामांच्या पायाशी पाण्याचा कॅन असतो, मांडीवर चंची, आणि चंचीत पान, सुपारी, चुना, अडकित्ता असा सगळा संसार.

पहिल्याच फेरीला मी बाटली मामांच्या सीटमागे नुसती आडवी ठेवली. नगर नाक्याजवळ एक रिक्षा आडवी आली, मी ब्रेक दाबला, आणि बाटली सीटखालून गडगडत जाऊन मामांच्या टाचेवर आदळली.

मामा शांतपणे खाली वाकले. बाटली उचलून त्यांनी तिच्यावरचं चित्र बघितलं.

"सूनबाई, ही आग इझवती म्हनं?"

"हो मामा."

"आधी मानूस इझवती, मग आग, व्हय?"

मागून आवाज आला, "दोघांचंही बरोबर आहे."

मी हसले खरी, पण मनात चरकले. तीच बाटली हातभर उजवीकडे घरंगळली असती तर माझ्या ब्रेकखाली येऊन बसली असती, आणि मग आग लागायची वाटच बघावी लागली नसती. प्रशिक्षकांनी हे सांगितलंही होतं. गाडीत बाटली सुटी ठेवायची नाही, पट्टीने घट्ट आवळायची, डिकीत सामानाखाली पुरायची नाही, चालवणाऱ्याचा हात पटकन पोचेल अशा जागी ठेवायची. पण माझ्या कानात तेव्हा टाळ्या वाजत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी गाडीचं सामान लावून देणाऱ्या एका दुकानात गेले. दुकानदाराने गाडीत डोकं घालून पाहिलं.

"बाजी, ड्रायवर के पाँव की तरफ नक्को. उधर कुछ भी नक्को. ये बाजू के सीट के सामने, नीचे, सीट के बोल्ट में पट्टी कस देता मैं. गाडी उलटी हुई तो भी नै हिलेगी."

"गाडी उलटवायची नाही हो मला."

"मिसाल दे रा मैं."

त्याने लोखंडी पट्टी सीटच्या बोल्टात कसली, बाटली आडवी बसवली, वरून खटक्याचं कडं लावलं. मी गदागदा हलवून पाहिली. जागची हलली नाही. एका बोटाने खटका उघडला की मात्र लगेच हातात. जागा अगदी उत्तम होती. अडचण एकच, ती जागा मामांची होती.

पुढच्या फेरीला मामा बसले. टाच मागे घेतली की पट्टीला लागायची आणि पाण्याचा कॅन तिरका व्हायचा. वेरूळपर्यंत ते पाय इकडचे तिकडे करत राहिले. गाव आल्यावर उतरताना निकाल दिला.

"दसऱ्यापर्यंत ऱ्हाऊ दे. तू हौसेनं आनली, मी बोलत नाय. दसऱ्याला पूजा झाली की ही शेतात, खोपीत. तिथं पाला-पाचोळा पेटतो, तिथं तिचं काम. गाडीत माझे पाय."

मामा एकदा बोलले की बोलले. दसऱ्याला माझी बाटली देशोधडीला लागणार हे ठरलं. मी पतींकडे पाहिलं. ते मागे झोपले होते, किंवा झोपल्यासारखे दिसत होते.

मग मी तिचे लाड सुरू केले. उन्हाळ्यात आपल्याकडे बंद गाडीची भट्टी होते, म्हणून मी लांब चालावं लागलं तरी गाडी कडुलिंबाखालीच लावायची. मामा म्हणायचे, "माझ्यासाठी कधी सावली हुडकली नाय." बाटलीवर घड्याळासारखी तबकडी असते, तिचा काटा हिरव्यात आहे ना ते बघायची. पण एक काम राहत होतं. गाडीच्या हादऱ्यांनी आतली पावडर दबून दगडासारखी बसू शकते, म्हणून बाटली अधूनमधून काढून उलटी करायची, बुडावर थापट्या मारायच्या. माझ्यासारख्या विसराळू बाईच्या हातून ते नेमाने होणं शक्य नव्हतं.

घरात नेमाचा माणूस एकच. दर शनिवारी सकाळी मामा स्वतः लिंबू-मिरची ओवतात. विकतच्यावर त्यांचा विश्वास नाही, त्यात बिब्बा नसतो म्हणतात. जुनी माळ काढायची, नवी बंपरला बांधायची, गाडीभोवती एक चक्कर. पावसापाण्यातही चुकत नाही.

मी त्यांना पावडरीचं सरळ सांगून पाहिलं. "तुझी बाटली, तू थापट," म्हणाले. तेव्हा मी एका शनिवारी चहा देता देता चेहरा गंभीर केला, आवाज नाटकातला लावला.

"मामा, गाडीची नजर काढता, पण आत ती लाल बाई बसलीय, तिला येणारे-जाणारे सगळे बघतात. तिचीही काढायला हवी. डोकं खाली, पाय वर करायचं, आणि बुडावर चार थापट्या."

मामांनी माझ्याकडे पाहिलं, बशीतला चहा संपवला, आणि उठून बाटली काढून आणली. उलटी केली, थापटली, सुलटी केली, कानाशी नेऊन हलवली, परत पट्टीत बसवून खटका लावला. तेव्हापासून दर शनिवारी आधी लिंबू, मग बाटली. माझ्या अभिनयाचा मलाच अभिमान वाटला. एवढ्या जुन्याजाणत्या माणसाला मी गुंडाळलं होतं.

पण दसरा यायचा तो आलाच. खंडेनवमीला मामांनी गाडी धुऊन पुसून लख्ख केली. दसऱ्याला हळद-कुंकू, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. मी आरतीचं तबक आत ठेवायला गेले तेवढ्यात त्यांनी बाटलीचीही पूजा उरकली. गळ्यात छोटा हार, पोटावर कुंकवाचं बोट. सासरी पाठवणीच होती ती. दुपारी आम्ही गावाला निघालो. मागे पती, शेजारी मामा, त्यांच्या टाचेशी नवरीसारखी नटलेली बाटली, परतीच्या तिकिटाशिवाय.

दौलताबादच्या घाटाखाली रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या लागल्या होत्या. तिथेच एक पांढरी गाडी उभी, तीही हारतुऱ्यांनी सजलेली, आणि तिच्या बॉनेटच्या फटीतून धूर येत होता. मी जरा पुढे जाऊन गाडी लावली. मागे वळून पाहते तर धुरात जिभेएवढा जाळ दिसला. मी खटका उघडून बाटली काढली आणि धावले.

गाडीचा मालक, असेल पस्तिशीचा, पाण्याची बाटली घेऊन बॉनेट उचलायला निघाला होता.

"भाऊ, बॉनेट उघडू नका. वारा लागला की भडकेल," मी म्हणाले. "आत कुणी आहे?"

"न्हाई ताई, आई उतरली. ती काय तिकडं."

"इंजिन बंद केलं?"

"केलं. ताई, दोनच महिने झाले घेऊन. बहिणीकडं सोनं द्यायला निघालो होतो."

"आतला खटका ओढा, बॉनेट बोटभर सैल होऊ द्या, आणि लांब व्हा."

पती एव्हाना पूर्ण जागे होऊन अग्निशामक दलाला फोन लावत होते आणि दुसऱ्या हाताने गर्दीला मागे सारत होते. जाळ लहान होता म्हणून मी जवळ गेले. मोठा असता तर मीही लांबूनच बघत बसले असते, हे मला पक्कं माहीत आहे. मी वारा पाठीशी घेतला. पदर खोचला. पिनीत बोट घातलं आणि ओढलं.

पिन हलेना.

पुन्हा ओढली. नाही. झेंडूचा हार बाजूला केला तर खाली लाल-पिवळा पूजेचा धागा, पिन आणि दांडी मिळून करकचून गुंडाळलेला, वर गाठ. आणि मामांची गाठ म्हणजे बैल बांधायची गाठ. ती सोडवायला बैलच लागतो.

आजूबाजूला माणसं जमली होती, सगळ्यांचे मोबाइल माझ्याकडे. इतका मोठा प्रेक्षकवर्ग मला आयुष्यात मिळाला नव्हता, आणि मी मध्यभागी एका बाटलीशी झोंबत उभी होते.

"इकडं धर."

मामा शेजारी उभे. हातात अडकित्ता. त्यांनी धाग्याखाली पातं घातलं, सुपारी कातरावी तसा कटकन आवाज झाला, धागा गळून पडला.

"आता वड."

पिन निघाली. मी नळीचं तोंड बॉनेटच्या फटीत, जाळाच्या बुडाकडे धरलं आणि दांडी दाबली. पावडर अशी काही मोकळी, भसाभस बाहेर आली की मीच दचकले. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. लोट उठला, जाळ दिसेनासा झाला, धूर पांढरा झाला, मग विरळ झाला. मी दांडी सोडली, थांबले, पुन्हा एक फवारा दिला. आणि मग नुसता शांत रस्ता.

बऱ्याच वेळाने, सगळं निवल्यावर मालकाने बॉनेट उचललं. आत इंजिनाला चिकटलेला एक काळाठिक्कर गोळा होता.

"फडकं," तो म्हणाला. "काल तेल लावून इंजिन पुसलं व्हतं."

"दसऱ्याची अंघोळ घातली," मामा म्हणाले, "आन टॉवेल तिथंच इसरला."

त्याची आई हसायला लागली. तिचं पाहून तोही हसला, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. जळाल्या होत्या त्या दोन-तीन वायरी आणि एक नळी. गाडी शाबूत होती. त्या माउलीने जवळ येऊन माझ्या हातात आपट्याची पानं ठेवली आणि म्हणाली, "बाई, हे खरं सोनं."

मी वळले, मान किंचित झुकवली, नाटक संपल्यावर झुकवतात तशी. टाळी कुठूनच आली नाही. कशी येणार? सगळ्यांचे हात मोबाइल धरण्यात गुंतलेले.

तेवढ्यात टाळ्या ऐकू आल्या. सावकाश, ठेक्यात, भजनात वाजवतात तशा. अडकित्ता काखेत धरून मामा वाजवत होते. बॉनेटवरून उलटलेल्या पावडरीने डोक्यापासून धोतरापर्यंत पांढरे, पिठाच्या गिरणीतून बाहेर पडल्यासारखे, आणि तोंडावर हसू नाही. सातवीचा सगळा वर्ग मी त्या टाळ्यांवरून ओवाळून टाकला.

गाडीत बसल्यावर मी अगदी साळसूदपणे म्हणाले, "चला मामा, ठरल्याप्रमाणे बाटली खोपीत ठेवून येऊ."

"रिकामी ठिऊन काय करू, ताक भरू तिच्यात?"

"मग भरून आणते आणि ठेवते."

मामांनी अडकित्ता धोतराला पुसून चंचीत ठेवला. घाटाच्या माथ्यावर आल्यावर बोलले, "माझा पान्याचा कॅन उद्यापासून मागं ठिवत जा. मागं एक जन झोपायलाच बसतो, त्याच्या पायाशी जागा लई हाय."

मी स्टिअरिंगवर बोटांनी ढोल वाजवला. मागून कुणीही, दोघांचंही बरोबर आहे, असं म्हणालं नाही.

"मामा, एक सांगू? पावडर इतकी मोकळी निघाली ती तुमच्या शनिवारच्या थापट्यांमुळे. ते नजरेचं मी आपलं..."

"मला काय कळत नाय व्हय?" मामा पान लावत म्हणाले. "पेरताना तिफनीच्या नळीत बी अडकलं की आम्ही थापटतच व्हतो. तू लई जीव लावून नाटक करत व्हती, म्हनून म्हनलं करू दे."

मी नाटकं करते याबद्दल माझ्याशी असं आजवर कुणी बोललं नव्हतं, आणि इतका प्रसन्न पराभव माझ्या वाट्याला कधी आला नव्हता.

बाटली भरून आली. थोडी वापरली तरी ती पुन्हा भरूनच घ्यायची असते. पुढच्या शनिवारी मामा दोन माळा ओवून बसले होते. एक बंपरला बांधली. दुसरी घेऊन सीटशी वाकले, तेव्हा मी धावत गेले.

"ओरडू नको," ते म्हणाले. "पिनीला नाय, दांडीला नाय. पट्टीला बांधतो. आन धागा कच्चाच हाय."

"पण मामा, जिंकलं कोण? लिंबू की बाटली?"

मामांनी बाटली उलटी केली, थापटली, कानाशी नेली.

"लिंबानं आग दुसऱ्याच्या गाडीत धाडली," ते म्हणाले, "आन बाटलीनं जाऊन इझवली. दोघांचं बी बरोबर हाय."