वहीतला एच

हिन्नर्क ल्यूर्सने तीस वर्षं जर्मनीतल्या श्टाडे गावच्या घरांवर कौलं चढवली. छप्पर कुठं गळतंय ते त्याला खाली अंगणात उभं राहून कळे. पण एकसष्टाव्या वर्षी गिटार मांडीवर घेतली आणि या माणसाला काही म्हणजे काही कळेनासं झालं. एक तार दाबायला जावं तर बोटाखाली दोन येत. जी नको ती वाजे, हवी ती मुकी राही. फोनवरच्या व्हिडिओत गिटार शिकवणारा हसरा पोरगा दर दोन मिनिटांनी म्हणे, "बघा, किती सोपं!" "डोंबलाचं सोपं," असं म्हणून हिन्नर्क पुन्हा पहिल्यापासून लावी.

गिटार त्याच्या बायकोची, आन्ट्येची. गावाबाहेर भाड्याने दिलेल्या छोट्या बागांची वसाहत होती, तिथं या दोघांचे चार वाफे आणि एक खोपटी. दर उन्हाळ्यात वसाहतीचा मेळा भरे. सॉसेज भाजून झाले की आन्ट्ये गिटार घेई आणि सगळे मिळून नावाड्याचं गाणं म्हणत. ती गेली त्याला दीड वर्ष झालं. गेल्या मेळ्यात कुणी गायलंच नाही. यंदा समितीने ठरवलं, गाणं स्पीकरवर लावू. ते ऐकून हिन्नर्क बोलून गेला, "मी वाजवतो." शब्द तोंडातून सुटला होता आणि हातात तीन आठवडे होते.

आन्ट्येच्या वहीत गाण्याच्या ओळींवर पेन्सिलीने कॉर्डची, म्हणजे एकदम छेडायच्या सुरांच्या जुळणीची, अक्षरं लिहिलेली होती. कुठं ई, कुठं सी, कुठं जी. पण चार ठिकाणी एच होता, आणि पोरग्याची यादी तर एपासून सुरू होऊन जीवर संपत होती. हिन्नर्क दोन दिवस डोकं खाजवत बसला. मग त्याला एकदम उमगलं. एच म्हणजे तोच की, हिन्नर्क! गाताना आन्ट्ये मधूनच त्याच्याकडे बघून भुवई उडवायची, कारण हा पठ्ठ्या नेहमी मागे पडायचा. म्हणजे तिने वहीत खुणा करून ठेवल्या होत्या आणि आपल्याला इतक्या वर्षांत पत्ता नाही! तेव्हापासून प्रत्येक एचला तो तारांवरून हात उचले आणि नुसता गाई. फुटक्या कौलावर पाय पडावा तसं गाणं तिथं खचे.

मेळ्याला चार दिवस उरले तेव्हा कुंपणापलीकडच्या वुब्बेबाईंना राहवेना. एके काळी शाळेत संगीत शिकवलेलं, वय एकोणऐंशी.

"अरे हिन्नर्क, पंधरा दिवस ऐकतेय. मध्येच हात काय उचलतोस? माशा हाकतोस का?"

"तिथं मी आहे," तो म्हणाला आणि त्याने वही पुढे केली.

बाईंनी चष्मा चढवला. "कुठला तू! एच ही कॉर्ड आहे."

"फोनमध्ये एच नाहीच."

"त्या पोराच्या देशात तिला बी म्हणतात. आपण एच म्हणतो."

"मग आपला बी?"

"आपला बी वेगळा. अर्धी पायरी खाली."

"म्हणजे त्यांचा बी तो आपला एच, आणि आपला बी तो त्यांचा…?"

"त्यांचाही बीच, पण उतरलेला. जाऊ दे, तुझ्या डोक्यात नाही शिरायचं."

नाहीच शिरलं. शिरलं ते एवढंच, की वहीत तो कुठेच नव्हता. त्याला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली. त्याने वही मिटली. "लावू दे त्यांना स्पीकर."

"थांब जरा," म्हणत बाईंनी मातीने भरलेलं बोट शेवटच्या ओळीवर ठेवलं. "इथं जी लिहिलाय आणि वर पुन्हा एच. दोन्ही एकदम कसे वाजतील? वरचे तीन बरोबर आहेत, हा चुकलाय. घाईत लिहिला असेल."

"आन्ट्येने? घाईत?" बियांच्या पाकिटांवरही तारीख घालणारी बाई ती.

"मला नाही सांगता येत, बाबा," वुब्बेबाई म्हणाल्या. "सुरात बसत नाही, एवढं खरं."

शनिवारी दुपारी सॉसेज संपले आणि हिन्नर्क गिटार घेऊन बाकावर बसला. तीन एच वाजले, खरखरत का होईना. शेवटच्या ओळीशी जी वाजवावा की हात उचलावा, हे त्याला अजूनही ठरवता आलं नव्हतं. ओळ आली आणि हात आपोआप वर गेला. लोकांनी ओळ धरली, हा नेहमीसारखा मागे राहिला.

"हिन्नर्क, पडलास मागे!" कुणीतरी हसत ओरडलं.

त्याने वहीतल्या त्या चौथ्या एचकडे बघून मान डोलावली आणि उरलेली ओळ सगळ्यांच्या मागून एकट्याने पुरी केली.